जावळ गुहागरला करूच, पण पहाटे तीनला निघून कशासाठी?

पत्राचा सारांश : पुण्यात राहणाऱ्या एका नोकरदार आईचं हे पत्र. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. घरच्यांचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर, आणि मुलाचं जावळ तिथेच करायचं हा सासूबाईंचा आग्रह. मे महिन्यात अकरा जणांनी टेम्पो ट्रॅव्हलर करून जायचं ठरतंय. पहाटे तीनला निघायचं ('पोर झोपेत असतं, त्रास देत नाही'), दहाच्या सुमारास देवळात पोचून जावळ, दुपारी हेदवी-वेळणेश्वर, दुसऱ्या दिवशी तवसाळच्या फेरीबोटीने जयगडमार्गे गणपतीपुळे, तिसऱ्या दिवशी पावस करून रात्रीतून पुणे. मुलाला गाडी लागते, पसरणी घाटात दोनदा उलट्या झाल्या आहेत. तो घरचंच खातो आणि जागा बदलली की झोपत नाही. नवऱ्याचं म्हणणं, 'आम्ही एसटीत मांडीवर बसून कोकणात जायचो, आम्हाला काय झालं?' पत्राच्या शेवटी त्या विचारतात : मी उगाच बाऊ करतेय का? की डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलंय असं सांगून मोकळी होऊ?

---

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. डॉक्टरांचं नाव पुढे करू नका. त्याने मे महिना टळेल, पण 'आता बरा आहे ना? मग चला' हा फोन जूनमध्ये येईल आणि तेव्हा तुमच्याकडे दुसरं कारण नसेल. शिवाय मुलगा नाजूक आहे असं एकदा घरात पसरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्याच्या प्रत्येक शिंकेवर अकरा जण मत देतील.

बाऊ करताय का? थोडा करताय, पण भलत्या ठिकाणी. खाणं आणि झोप यांची तुम्ही केलेली काळजी तीन दिवसांपुरती सोडून देता येण्यासारखी आहे. गाडीत तो कुठे आणि कसा बसणार, या प्रश्नाचा मात्र पत्रात एका ओळीचाही उल्लेख नाही, आणि खरी काळजी करण्यासारखी गोष्ट तीच आहे. त्यावर पुढे येते.

आधी एक गाठ सोडवू. पत्र वाचताना वाटतं की सासूबाईंना ही सगळी सहल हवी आहे. मला शंका आहे. त्यांना जावळ हवंय, आणि तेही व्याडेश्वराच्या दारात. गणपतीपुळे आणि पावस ही भर बहुधा 'एवढं लांब जातोच आहोत तर' म्हणत कुणीतरी घातली असेल. आपल्याकडे कुलदैवताची वारी अशीच फुगते. तेव्हा 'आई, मला एवढा प्रवास जमणार नाही' असं म्हणण्याऐवजी त्यांना विचारा, 'आई, जावळ नीट, सावकाश, शांतपणे व्हावं असं तुम्हाला वाटतं ना? मग त्या दिवशी दुसरं काहीच ठेवायला नको.' नातू रडून लाल झालेला, ओकून कपडे बदललेला, उपाशी, आणि त्या अवस्थेत डोक्यावर वस्तरा, हे चित्र कुठल्याही आजीला नको असतं. त्या तुमच्या बाजूने उभ्या राहिल्या की बाकीच्या नऊ जणांशी वाद घालायची वेळच येत नाही.

मे महिनाच का?

जावळ पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी करायचं ही बहुतेक घरांतली रीत. तुमच्या मुलाला दोन पूर्ण झाली म्हणजे तिसरं आत्ता कुठे लागलंय, आणि ते पुढच्या वाढदिवसापर्यंत चालणार आहे. वय सव्वादोन धरलं तर नऊएक महिने हातात आहेत. तारखेची घाई शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांमुळे होतेय, धर्मशास्त्रामुळे नाही.

अर्थात हे सगळे महिने सारखे नाहीत. मे महिन्यात कोकणात नुसतं तापमान बघून चालत नाही. दमटपणामुळे घाम वाळत नाही, लहान मुलाच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं, आणि ताजं मुंडण केलेलं डोकं उन्हात पटकन भाजतं. त्यात आंब्याचा हंगाम, चाकरमानी गावी आलेले, रस्ते भरलेले. जून ते सप्टेंबर वाटेतल्या कुंभार्ली घाटात धुकं आणि दरडी, तो काळ सोडाच. गुरुजी चौलाचा (म्हणजे जावळाचा) मुहूर्त सहसा उत्तरायणातला काढतात, म्हणजे मकरसंक्रांतीनंतरचा. तुमच्या मुलाचा वाढदिवस संक्रांतीनंतर जितका पुढे असेल तितकी तुम्हाला मोकळीक. संक्रांत ते वाढदिवस या पट्टीत एखादा मुहूर्त बसत असेल तर त्यासारखं काही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गुहागरची हवा उत्तम असते, रस्ता कोरडा असतो आणि सुट्ट्या नसल्याने खोल्या मिळतात. आणखी एक फायदा : आज जो मुलगा 'उलटी येतेय' हे सांगू शकत नाही, तो पावणेतीन वर्षांचा होईपर्यंत बहुधा पोट धरून 'आई, कसंतरी होतंय' म्हणेल. घाटात त्या एका वाक्याला फार किंमत असते.

मुहूर्त मेमध्येच निघाला आणि घरच्यांचं तेच ठरलं, तरी खाली जे लिहितेय ते सगळं लागू आहे. फक्त ऊन सांभाळायचं.

पहाटे तीनचं गणित

'पोर झोपेत असतं' हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. आता तो घड्याळावर मांडून बघू. तीनला निघायचं म्हणजे अडीचला त्याला उचलणार. सव्वादोन वर्षांचं मूल गाडीत बसवताना हमखास जागं होतं, दिवे आणि माणसं बघून अर्धा-पाऊण तास उत्साहात असतं, मग रडतं, मग झोपतं. सहाच्या सुमाराला तुम्ही उंब्रज सोडून पाटणच्या रस्त्याला लागलेले असाल. साडेसहा-सातला तो नेहमीप्रमाणे उठेल, दूध मागेल, तुम्ही द्याल, आणि त्यानंतर वीस मिनिटांत हेळवाकच्या पुढे कुंभार्लीची वळणं सुरू. झोपमोड झालेली, पोटात नुसतं दूध, आणि घाट. उलटीसाठी याहून चांगली तयारी करता येणार नाही.

दुसरी बाजू चालकाची. मध्यरात्रीनंतर ते पहाटे सहापर्यंत माणसाला झोपेची सगळ्यात जास्त गुंगी येते, तो कितीही सवयीचा चालक असला तरी. मूल झोपावं म्हणून निवडलेली वेळ गाडी चालवणाऱ्यालाही झोपवते. हा मुद्दा घरात मोठ्याने मांडायला हरकत नाही. तो फक्त मुलाचा राहत नाही, अकरा जणांचा होतो.

त्याऐवजी हे वेळापत्रक बघा. पुणे ते गुहागर उंब्रज-पाटण-चिपळूणमार्गे अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर पडतं. मोठ्यांना सहा-सात तास. लहान मुलासह साडेनऊ तास धरा, म्हणजे चिडचिड होत नाही.

तो आपणहून उठू द्या, सहाच्या आसपास. दूध नेहमीच्या निम्मं, सोबत अर्धी पोळी किंवा एक छोटी इडली, आणि साडेसहाला निघा. पहिली वळणं खंबाटकीला लागतात, त्याआधी शिरवळला दहा मिनिटं थांबून त्याला पायावर उभा करा. पावणेनऊच्या सुमारास साताऱ्याला नाश्ता, चाळीस मिनिटं. साडेअकराला कोयनानगर. इथे मुक्काम ठोकल्यासारखं थांबा. नेहरू उद्यान आहे, पळायला जागा आहे. पाऊण तास त्याला दमवा, थोडं कोरडं खाऊ द्या, आणि मग घाट उतरा. बारा-साडेबाराची वेळ, पळून दमलेलं मूल, मागे पडलेली सीट : बहुतेक मुलं घाटाखालच्या पोफळी गावाच्या आत झोपतात, आणि झोपलेल्या मुलाला गाडी सहसा लागत नाही. दीडला चिपळूण, जेवण. तिथून गुहागर पंचेचाळीस किलोमीटरच आहे, पण रस्ता वळणांचा, दीड तास धरा. चारला खोलीवर.

हेही जड वाटत असेल तर चिपळूणला एक रात्र राहा. मला विचाराल तर पहिल्यांदाच एवढ्या लांब नेताय म्हणून तेच करा. एका रात्रीच्या खोलीभाड्यात दोन दिवस सोपे होतात.

ताम्हिणीतून माणगावला उतरून महामार्गाने जाण्याचाही पर्याय आहे. कशेडीला आता बोगदा असल्यामुळे तिथला घाट चुकतो. पण ताम्हिणीची वळणं निघाल्यावर दीडेक तासातच लागतात, सकाळच्या पोटावर. गाडी लागणाऱ्या मुलाला मी त्या वाटेने नेणार नाही.

रेल्वे? पुण्याहून रोजची सरळ सोय नाही, पनवेल गाठावं लागतं. पनवेलला कुणी नातेवाईक असतील आणि आदल्या रात्री तिथे राहता येत असेल तर सकाळच्या मांडवी एक्सप्रेसने चिपळूण साधारण चार तासांत येतं, आणि मूल डब्यात चालू शकतं, लोळू शकतं. गाडी लागणाऱ्यांना रेल्वे फार कमी लागते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, मात्र वेगळी जागाही मिळत नाही. हवी असेल तर पूर्ण भाडं भरून घेता येते, आणि एवढ्या प्रवासाला ती घ्यावीच. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. अडचण एकच : चिपळूणला गाडी दोन-चार मिनिटंच थांबते आणि पुढे गुहागरपर्यंत मोटार लागतेच, म्हणजे मुलाची कार सीट रेल्वेतून वाहायची. दोन मोठी माणसं आणि एक बॅग असेल तरच हा मार्ग घ्या.

मांडीवर नाही

आता तो राहिलेला प्रश्न. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मूल बसणार कुठे? उत्तर अर्थातच 'कुणाच्या तरी मांडीवर'. तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं आहे, त्यांना काही झालं नाही. ज्यांना झालं ते आज हा युक्तिवाद करायला नाहीत, एवढाच फरक. ताशी पन्नासच्या वेगातली गाडी आदळून थांबली तर अकरा-बारा किलोचं मूल त्या क्षणी दोनशे किलोंच्या वर ओढीने पुढे जातं. तेवढं धरून ठेवणारे हात कुणाचेच नसतात, आईचेही नाहीत. कायदाही तेच सांगतो : २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बी नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. पोलीस अडवत नाहीत हा भाग वेगळा.

कार सीटला तीन टोकांचा बेल्ट किंवा आयसोफिक्सचे (कार सीट अडकवण्यासाठी गाडीच्या सीटमध्येच दिलेले) हुक लागतात. भाड्याच्या ट्रॅव्हलरमध्ये बहुतेक वेळा कमरेचा पट्टा असतो, तोही प्रत्येक सीटला असेलच असं नाही. म्हणून तुम्ही तिघांनी आपल्या मोटारीने जायचं आणि बाकीच्यांनी ट्रॅव्हलरने. यात कुणाचा अपमान नाही. उलट तुम्हाला हवं तिथे थांबता येतं आणि त्यांचा खोळंबा होत नाही. सासूबाईंना आपल्या मोटारीत बोलवा. नातवाशेजारची जागा त्यांची. हा मानही आहे आणि मदतही.

सीट नसेल तर मोठ्या शहरांत भाड्यानेही मिळते. घेताना तीन गोष्टी बघा : ईसीई आर-४४ किंवा आर-१२९ या सुरक्षा मानकाचा शिक्का, कवचाला तडा नाही, आणि मुलाचं वजन सीटच्या वजनमर्यादेत. बसवल्यावर बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा. मुलाच्या खांद्यावरच्या पट्ट्यात एक बोट जाईल इतकीच ढील हवी. हिवाळ्यात जाड स्वेटर घालून पट्टा लावू नका. आधी पट्टा, वर पांघरूण. प्रवासाच्या आधी तीन-चार आठवडे रोज भाजीला जाताना त्याला त्या सीटमध्ये बसवा. ओळख थेट प्रवासाच्या दिवशी झाली तर शिरवळपर्यंत रडणं नक्की. दर दोन तासांनी मात्र त्याला सीटमधून बाहेर काढायचंच, झोपला नसेल तर.

उलटीबद्दल सविस्तर

कान सांगतो आपण हलतोय, डोळ्यांना समोरच्या सीटची पाठ स्थिर दिसते, आणि मेंदू गोंधळतो. एवढंच कारण. दोन वर्षांखाली हा त्रास क्वचित होतो, दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त. म्हणजे तुमचा मुलगा आत्ताच त्या वयात शिरलाय, त्याचं पोट 'बिघडलेलं' नाही.

दोन वर्षांनंतर वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर पुढे तोंड असलेली सीट चालते, आणि गाडी लागणाऱ्याला तीच बरी. मागे तोंड असेल तर काही दिसत नाही. सीट मधल्या जागी बसत असेल तर तिथे लावा, म्हणजे समोरच्या काचेतून रस्ता दिसतो. घाटात मोबाईल अजिबात नको. आजी-आजोबा प्रेमाने गाणी लावून फोन हातात देतात आणि दहाव्या मिनिटाला सगळं बाहेर येतं. गाणी ऐकवा, दाखवू नका. खिडकी दोन बोटं उघडी, एसी बाहेरची हवा घेणाऱ्या बटणावर. गाडीत सुगंधी डबी, गजरा, उघडलेला वडापाव यांपैकी काहीही नको. वासाने मळमळ दुप्पट होते. चालकाला सांगा, वळणाआधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही.

पोट पूर्ण रिकामं ठेवलं तर उलटी टळते, असं अनेक घरांत समजतात. टळत नाही. नुसतं पित्त पडतं आणि मूल अधिक गळून जातं. घाटाच्या तासभर आधी थोडं कोरडं, पिठूळ असं पोटात हवं : टोस्ट, खाकरा, चुरमुरे, अर्धं केळं. दूध, तळलेलं आणि आंब्याचा रस घाट उतरल्यावर.

औषधाबद्दल स्पष्ट बोलते. मोठ्यांची गाडी लागण्याची गोळी अर्धी करून देऊ नका. त्यातली प्रोमेथाझिनसारखी औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायची नसतात, आणि दोनच्या वरही मात्रा वजनावर ठरते. घरात पडलेलं उलटीचं ऑनडॅनसेट्रॉन सिरप पोटाच्या संसर्गात उपयोगी पडतं, गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. मुलाच्या डॉक्टरांना पसरणी घाटाचा अनुभव सांगा. त्यांनी औषध लिहून दिलं तर निघण्याआधी एखाद्या रविवारी घरीच एक मात्रा देऊन बघा. काही मुलं ही औषधं घेऊन झोपण्याऐवजी सैरभैर होतात, आणि ते खंबाटकीत कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं. नुसतं झोपवण्यासाठी सर्दीचं सिरप देणं तर नकोच. कुणी सुचवलं तर हसून विषय बदला.

मुलगा अचानक गप्प झाला, फिका पडला, जांभया द्यायला लागला किंवा लाळ गाळू लागला की दोन-तीन मिनिटं हातात असतात. थांबायला जागा शोधा. सीटवर एक जुना पंचा अंथरून ठेवा, मात्र पट्ट्याखाली जाड गादी नको. हाताशी पाच-सहा जाड पिशव्या, दोन पूर्ण कपड्यांचे जोड, तुमच्यासाठीही एक कुडता (हा सगळे विसरतात), पाण्याची बाटली आणि छोट्या डबीत खायचा सोडा. पुसून झाल्यावर तो भुरभुरला की वास कमी होतो.

उलटीनंतर लगेच बाटलीभर पाणी पाजू नका, तेही परत येतं. दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलिलिटरमध्ये. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात ढवळलं तर क्षारांचं प्रमाण चुकतं, आणि जास्त घट्ट झालेलं पाणी मुलाला अपायकारक असतं. कालवलेलं चोवीस तासांनी फेकून द्या. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. पाकिटावर डब्ल्यूएचओच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्या. गाडीतून उतरल्यावर दोन तासांत मूल ताळ्यावर यायला हवं. उलट्या चालूच राहिल्या, हिरवट झाल्या, सहा-आठ तास शू झाली नाही किंवा मूल मलूल होऊन पडलं, तर ते गाडी लागणं नाही, डॉक्टर गाठा. चिपळूणला मोठी रुग्णालयं आहेत, त्यामुळे शंका असेल तर पुढे गुहागरला जाण्याआधी तिथेच दाखवून घ्या.

खाणं आणि झोप

इथे तुम्हाला थोडं सैल व्हायला सांगणार आहे. तीन दिवस निम्मं जेवला तर सव्वादोन वर्षांच्या निरोगी मुलाचं काही बिघडत नाही. पाणी मात्र चुकू देऊ नका. कोकणात मऊभात कुठेही मिळतो. सोबत मेतकूट आणि तुपाची छोटी बरणी असली की एक जेवण झालं. खोली ठरवतानाच विचारा, 'लहान मूल आहे, संध्याकाळी सातला वाटीभर आसट भात मिळेल का?' घरगुती राहण्याच्या ठिकाणी सहसा हो म्हणतात. शिवाय गरम पाणी किती वाजेपर्यंत, वीज गेली तर पंख्याला इन्व्हर्टर आहे का, आणि गादी जमिनीवर घालता येईल का, हे विचारा. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. उंच पलंगावरून रात्री पडण्याची भीती गेली की तुमचीही झोप होते.

घरून शिजवून नेलेला भात किंवा उपमा दोन तासांच्या वर ठेवू नका, मेच्या उन्हात तासाभरातच संपवा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न या वयात ठसक्याचा धोका म्हणून चालत्या गाडीत तर नाहीच. त्याची नेहमीची चादर न धुता न्या. ओळखीचा वास असला की अनोळखी खोलीत झोप लवकर लागते. दुपारची झोप मोडली तर रात्रीची आपोआप येईल हा गैरसमज आहे. फार दमलेलं मूल जास्त वेळ जागं राहतं.

जावळाचा दिवस

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, नाश्ता झाल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान. मुहूर्त काढताना गुरुजींना ही वेळ आधीच सांगा. दिवसभराची मुभा असलेले मुहूर्त असतात.

पत्रात मामाचा उल्लेख नाही. जावळ मामाच्या मांडीवर करायची पद्धत तुमच्याकडे असेल, तर तुमच्या भावाला आजच विचारा. अकरा जणांत तुमच्या बाजूचं एक माणूस असणं तुम्हालाही बरं वाटेल.

वस्तऱ्याऐवजी शून्य नंबरचा ट्रिमर वापरायला सांगा, स्वतःचा न्या. हलणाऱ्या डोक्यावर वस्तऱ्याने हमखास चिरे पडतात. वस्तराच हवा असेल तर नवं पातं समोर उघडायला लावा. आधी कोमट पाण्याने केस भिजवायचे, लांब केस कात्रीने उतरवायचे, मग ट्रिमर. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. ट्रिमरच्या आवाजाला मुलं घाबरतात, म्हणून आठवडाभर आधी बाबांनी रोज दाढी करताना त्याला शेजारी बसवायचं, बंद ट्रिमर हातात द्यायचा, मग चालू करून आपल्या हातावर फिरवून दाखवायचा. फारच रडायला लागला तर देवळात विधीपुरती बट कापून बाकीचं डोकं खोलीवर किंवा पुण्याला आल्यावर करता येतं. बऱ्याच घरांत तसंच करतात, गुरुजींना आधी विचारून ठेवा. चिरा पडला असेल तिथे हळद-चंदनाचा लेप नको, स्वच्छ पाणी पुरे. त्यानंतर बाहेर पडताना सुती टोपी.

संध्याकाळी पाचनंतर समुद्रावर न्या. पाण्यात फक्त घोट्यापर्यंत आणि तुमचा हात पोचेल इतक्याच अंतरावर. 'आत्या बघतेय' यावर विसंबू नका. एका वेळी एकाच माणसाच्या नावावर मूल असलं पाहिजे, आणि ते नाव मोठ्याने सांगून बदलायचं. गर्दीच्या कुटुंबात मूल हरवतं किंवा पाण्यात जातं ते सगळेच बघत असतात म्हणून.

तिसऱ्या दिवशी हेदवी करा, जवळ आहे. बाकीच्यांना पुळं-पावस करायचं असेल तर ट्रॅव्हलर आहेच, त्यांनी खुशाल जावं. तुम्ही तिघं आणि आजी चौथ्या दिवशी सकाळी परतीला लागा. चढताना घाट सकाळीच लागतो, म्हणून नाश्ता चिपळूणला थोडासाच आणि पोटभर खाणं कोयनानगरला.

यजमानांशी बोलताना 'तुम्हाला काही कळत नाही' या वळणावर जाऊ नका. त्यांच्याकडे तीन कामं पूर्णपणे सोपवा : कार सीट आणून बसवणं, वेळापत्रकाप्रमाणे थांबणं, आणि उलटीची पिशवी. तिसरं काम ज्याच्याकडे असतं तो पहाटे तीनचा आग्रह सहसा पुन्हा धरत नाही. आणि हे सगळं ठरवण्याआधी गुरुजींना फोन करा. तारीख कळली नाही तर गाडी, खोली, मामाची रजा सगळंच अडतं.